क्लायंट दीड वर्षाने परत आलाय? उत्तर देण्याआधी हे करा

मेसेज साधारण असाच असतो. "हाय, कशा आहात? आपलं ते वेबसाइटचं काम राहिलं होतं ना, ते आता पूर्ण करायचंय. आज बोलता येईल का? जरा घाई आहे." मधे चौदा-पंधरा महिने गेलेले असतात. तुम्ही पाठवलेल्या आठवणींच्या मेलना उत्तर आलेलं नसतं. काम संपलं, नातंही संपलं असं धरून तुम्ही पुढे गेलेले असता. आणि हा मेसेज असा, जणू कालच बोलणं झालं होतं.

मला असा मेसेज पहिल्यांदा आला तेव्हा मी पाच मिनिटांत "हो, नक्की" लिहून टाकलं आणि त्याच रात्री कामाला बसले. फोल्डरमध्ये 'फायनल' नावाच्या दोन फाइल होत्या. त्यातली एक उघडून मी अकरा पानं नव्याने बसवली. चौथ्या दिवशी कळलं की मंजुरी दुसऱ्या फाइलला मिळाली होती. शिवाय मधल्या काळात क्लायंटने दुसऱ्याच कुणाकडून लोगो आणि रंग बदलून घेतले होते. अकराही पानं पुन्हा करावी लागली. त्या तासांचे पैसे मागायला माझ्याकडे काही आधार नव्हता, कारण नव्याने काही ठरलंच नव्हतं. जुन्या कामाचा शेवटचा हप्ता बाकी होता, तो विषयही मी संकोचापायी काढला नाही.

त्यानंतर असे परत आलेले बरेच क्लायंट मी सांभाळले, आणि त्यांतले काही आज माझे सगळ्यांत भरवशाचे क्लायंट आहेत. म्हणून या मेसेजला घाबरू नका आणि त्यावर रागावूही नका. एवढंच धरून चाला की ओळख जुनी असली तरी काम नवीन आहे. जुनं आधी कागदावर बंद करायचं, मग नवीन उघडायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. नुकतंच फ्रीलान्सिंग सुरू केलं असेल तर क्रम बदलू नका.

हाताशी काय काय लागेल

- त्या क्लायंटबरोबरचे सगळे मेल आणि चॅट (फोनवर ठरलेल्या गोष्टींचे टिपण असेल तर तेही)
- मूळ कोटेशन आणि करार. करार नसेल तर "ठीक आहे, सुरू करा" असं लिहिलेला मेल
- इन्व्हॉइस आणि प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमांची बँकेतली नोंद
- तुम्ही शेवटची पाठवलेली फाइल आणि त्यावर आलेला त्यांचा शेवटचा अभिप्राय
- कामाच्या तासांची नोंद
- कोणकोणते लॉगिन तुमच्याकडे होते त्याची यादी

यातलं निम्मंच सापडलं तरी चालेल. काय सापडत नाही हेही कळणं महत्त्वाचं आहे.

१. त्याच दिवशी उत्तर द्या, पण शब्द देऊ नका

पहिल्या उत्तरात तीन गोष्टी टाळायच्या: दर, तारीख आणि "हो, करते". आनंद व्यक्त करा, वेळ मागा, बोलायचा दिवस सुचवा. मी हे लिहिते:

"तुमचा मेसेज पाहून बरं वाटलं. या कामाला बराच काळ झाला आहे, त्यामुळे जुन्या फाइल आणि आपलं ठरलेलं बोलणं एकदा नजरेखालून घालते. परवा सकाळी अर्धा तास बोलूया का? त्याआधी आता नेमकं काय हवं आहे ते चार ओळींत कळवलंत तर तयारीने बोलता येईल."

त्या चार ओळी मागणं फार उपयोगाचं आहे. ज्याला खरंच काम करायचंय तो लिहून पाठवतो. नुसतं चाचपून पाहणारा इथेच पुन्हा गप्प होतो, आणि तुमचे दोन दिवस वाचतात.

"इतके दिवस कुठे होतात?" हे विचारू नका. टोमणा म्हणून तर नाहीच. समोरचा आधीच अवघडलेला असतो. वर्षभर उत्तर न देता पुन्हा दार ठोठावणं सोपं नसतं.

आणि एक गोष्ट नक्की तपासा, हा माणूस खरंच तोच आहे ना? बरेच दिवस शांत असलेल्या खात्यावरून अचानक मेल येतो, सोबत उघडायला फाइल असते किंवा एखाद्या लिंकवर लॉगिन करायला सांगितलेलं असतं, तेव्हा खातं दुसऱ्याच्या हातात गेलेलं असू शकतं. पत्त्यातलं एकेक अक्षर वाचा. जुन्या नंबरवर फोन करा. त्या मेलमध्येच दिलेल्या नव्या नंबरवर नको.

२. जुनी फाइल काढा आणि एका पानावर तारखा लिहा

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते, पण पुढचं सगळं हिच्यावर उभं आहे. एक कोरं पान घ्या आणि मेल सुरुवातीपासून वाचत त्यावर तारखा उतरवा. माझ्या एका पानावर असं होतं:

कोटेशन पाठवलं: ३ मार्च. होकार आणि ४० टक्के अ‍ॅडव्हान्स: ९ मार्च. पहिला मसुदा: २६ मार्च. करेक्शनची पहिली फेरी: २ एप्रिल. दुसरा मसुदा: ८ एप्रिल. "छान आहे, सरांना दाखवून सांगतो": ९ एप्रिल. माझे आठवणीचे मेल: १८ एप्रिल, ६ मे, ११ जून. उत्तर नाही.

एवढ्या सात-आठ ओळींत कितीतरी गोष्टी दिसतात. काम कुणामुळे थांबलं ते कळतं. करेक्शनच्या तीन फेऱ्या ठरल्या होत्या आणि एकच झाली होती, म्हणजे त्यांच्या दोन फेऱ्या शिल्लक आहेत असा दावा ते करू शकतात हे आधीच लक्षात येतं. आणि "छान आहे" ही मंजुरी नव्हती, 'सर' नावाच्या कुणा तिसऱ्या माणसाचा होकार अजून बाकी होता, हेही दिसतं. मी त्या वेळी हे वाक्य मंजुरी म्हणून वाचलं होतं.

मग फाइलकडे वळा. कोणती आवृत्ती कोणत्या मेलला जोडून गेली ते जुळवा. फाइलच्या नावावर विश्वास ठेवू नका, पाठवलेल्या मेलमधली जोडलेली फाइल हाच पुरावा. ती उतरवून घ्या, नावात तारीख घाला आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. तिच्यावर काम करायचं नाही, ती फक्त संदर्भासाठी. काम करायचं तर प्रत काढून.

फाइल सापडतच नसेल तर क्लायंटकडे मागा, त्यात कमीपणा नाही. वेबसाइट असेल तर इंटरनेट आर्काइव्हचं 'वेबॅक मशीन' बघा. २००१ पासून ते सर्वांना खुलं आहे आणि साइटची जुनी पानं पुष्कळदा तिथे सापडतात. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत मात्र आशा ठेवू नका, तिथल्या फाइल ३० दिवसांनी कायमच्या जातात.

३. जुना हिशेब मांडा

तीनपैकी एक परिस्थिती असते.

पहिली, त्यांच्याकडे तुमची बाकी आहे. नवीन काम सुरू करण्याआधी ती यायला हवी. नवीन लोक इथे चुकतात. त्यांना वाटतं, जुनं काढलं तर नवीन काम जाईल. माझा अनुभव उलटा आहे. शांतपणे, आकड्यासकट सांगितलं तर बहुतेक जण भरतात, कारण आता गरज त्यांना आहे. वाक्य साधं ठेवा: "मागच्या कामाचा अमुक तारखेचा इन्व्हॉइस अजून बाकी दिसतोय. तो पुन्हा जोडला आहे. तो जमा झाला की नवीन कोटेशनपासून सुरुवात करू." जुनी बाकी नव्या इन्व्हॉइसमध्ये मिसळू नका. दोन्ही एकत्र केलं की वाद एकाचा होतो आणि अडकतात दोन्ही. रक्कम मोठी असेल आणि बराच काळ लोटला असेल तर आपल्याकडच्या जाणकाराला विचारा, कारण थकबाकीची कायदेशीर मागणी करायला मुदत असते आणि ती देशागणिक वेगळी असते.

दुसरी, तुमच्याकडे त्यांची बाकी आहे. त्यांनी अ‍ॅडव्हान्स दिला होता आणि तेवढं काम तुम्ही पोचवलं नव्हतं. याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ते गप्प झाले म्हणून ती रक्कम आपली होत नाही. तासांची नोंद काढा, किती काम झालं ते मोजा आणि तुम्ही स्वतःहून सांगा: "तुमच्या अ‍ॅडव्हान्सपैकी साधारण ६० टक्के रकमेचं काम पोचलं होतं. उरलेली रक्कम नवीन कामात वळती करते." करारात 'काम थांबल्यास अ‍ॅडव्हान्स परत नाही' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी, पण तेही तुम्हीच पहिल्यांदा सांगा. त्यांनी विचारल्यावर सांगितलं तर ते लपवल्यासारखं दिसतं.

तिसरी, हिशेब चुकता आहे. मग एका ओळीत तसं लिहून टाका आणि पुढे चला.

जाता जाता हक्कांचंही पाहून घ्या. 'पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क क्लायंटकडे जातील' असं करारात होतं आणि पैसे पूर्ण आलेले नाहीत, तर मधल्या काळात ते तुमचा मसुदा वापरत होते का? वापरत असतील तर भांडण काढू नका, पण बोलताना हा मुद्दा तुमच्या पानावर असू द्या.

४. फोनवर बोला आणि जास्त ऐका

गप्प होण्याची कारणं बहुतेक वेळा तुमच्याशी संबंधित नसतात. पैसे दुसरीकडे वळवावे लागले, काम बघणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली, घरात आजारपण आलं, भागीदारांत एकमत झालं नाही. कधीकधी त्यांनी दुसऱ्याकडे काम दिलं आणि ते जमलं नाही, हेही असतं. ते ऐकायला कठीण जातं, पण त्यात माहितीही भरपूर असते: तिथे काय बिनसलं हे विचारलंत तर या वेळी काय सांभाळायचं ते कळतं.

मी हे प्रश्न विचारतेच:

- मधल्या काळात या कामावर आणखी कुणी हात फिरवला आहे का? असेल तर ताजी फाइल कुणाकडे आहे?
- आता शेवटचा होकार कुणाचा?
- ही तारीख कशामुळे ठरली? ती हलली तर काय होईल?
- जुन्यातलं काय ठेवायचं आणि काय नको झालं आहे?
- मागच्या वेळी काम कुठे अडलं, तुमच्या बाजूने पाहिलं तर?

शेवटचा प्रश्न शेवटीच विचारा, आवाज मऊ ठेवून. एकदा एका बाईंनी बराच वेळ थांबून सांगितलं, "तुम्ही पाठवलेल्या मेलमध्ये सतरा प्रश्न होते. मला त्यांची उत्तरं माहीत नव्हती आणि तसं सांगायची लाज वाटत होती." मी तो मेल काढून पाहिला. खरोखरच सतरा होते. तेव्हापासून मी एका मेलमध्ये तीनच्या वर प्रश्न विचारत नाही.

फोन संपला की तासाभरात बोलण्याचा सारांश मेलवर पाठवा. "आपलं असं ठरलं, यात काही राहिलं असेल तर कळवा."

५. जुनं काम अजून चालण्यासारखं आहे का ते तपासा

"थोडंसंच राहिलंय" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. त्यांच्या डोळ्यांपुढे दीड वर्षापूर्वीचं काम असतं. पण मधे बाकी जग हललेलं असतं.

वेबसाइटवाल्यांसाठी: सर्व्हरवर पीएचपीची (बऱ्याच साइट ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेल्या असतात तिची) कोणती आवृत्ती आहे ते आधी बघा. ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद झालं, आणि त्या काळी लिहिलेला कोड नव्या आवृत्तीवर जसाच्या तसा चालेलच असं नाही. पायथन या दुसऱ्या भाषेच्या जुन्या आवृत्तीचा, पायथन २ चा, आधार १ जानेवारी २०२० ला संपला. साइटच्या भेटी मोजणाऱ्या गूगलच्या जुन्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सने १ जुलै २०२३ पासून नवी माहिती नोंदवणं थांबवलं, त्यामुळे जुना कोड पानात तसाच असेल तर भेटींचे आकडे मिळत नसणार. डोमेनचं (साइटच्या पत्त्याचं) नूतनीकरण झालं आहे का, आणि ते कुणाच्या खात्यात आहे? मी पाहिलेल्या दोन कामांत ते नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या वैयक्तिक मेलवर होतं. आणि दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक गूगल खातं गूगल काढून टाकू शकतं, म्हणजे लॉगिन परत मिळवण्याचा मार्गच बंद.

डिझाइनवाल्यांसाठी: अ‍ॅडोबीने जानेवारी २०२३ मध्ये टाइप १ या जुन्या प्रकारच्या फॉन्टचा आधार काढला. जुन्या फाइलमध्ये तसे फॉन्ट असतील तर ती उघडताना फॉन्ट सापडत नसल्याची सूचना येईल आणि मजकूर सरकेल. विकत घेतलेल्या फोटोंचा परवाना कुणाच्या नावाने आहे आणि कुठवर वापरायला आहे तेही वाचा.

लेखक आणि अनुवादकांसाठी: मूळ मजकूर बदलला आहे का ते ओळीला ओळ लावून बघा. वर्डमध्ये दोन फाइलची तुलना करायची सोय आहे, ती वापरा. 'फक्त दोन परिच्छेद वाढलेत' असं सांगितलेल्या मजकुरात अधेमधे आकडे, पदनामं आणि उत्पादनांची नावं बदललेली असतात.

या तपासणीला एक तास लागणार असेल तर मी तो माझ्याकडून देते. त्याहून जास्त लागणार असेल तर आधी सांगते आणि त्याचे पैसे घेते. फुकट तपासणी करून लांबलचक अहवाल दिला आणि तो घेऊन क्लायंट दुसरीकडे गेला, असं नव्या लोकांच्या बाबतीत होताना मी पाहिलं आहे.

६. नवीन कोटेशन द्या, जुनं ताणू नका

"तेव्हा जो रेट होता तोच धरा ना." याचं उत्तर तयार ठेवा: "तो दर त्या वेळचा होता. आता माझा दर हा आहे. जुन्यातलं जेवढं वापरता येईल तेवढं वापरते, त्यामुळे एकूण काम कमी होईल." सवलत द्यायचीच असेल तर कामाच्या आकारात द्या, दरात नको. एकदा खाली आणलेला दर त्या क्लायंटबरोबर पुन्हा वर चढत नाही.

काही जण 'पुन्हा सुरू करण्याचं शुल्क' असं वेगळं लावतात. मला ते नाव आवडत नाही, ते दंडासारखं वाटतं. मी कोटेशनमध्ये एक ओळ घालते: "जुने काम पुन्हा समजून घेणे आणि फाइल जुळवणे, ४ तास." हे खरंच करावं लागतं, आणि कशाचे पैसे आहेत ते क्लायंटला दिसतं.

अ‍ॅडव्हान्सच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. आधी गप्प झालेल्या क्लायंटकडून कामाचे लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्याचे पैसे आधी घ्यायचे. पहिला तुकडा आठवड्याभरात संपेल एवढाच ठेवा. पुन्हा शांतता झालीच तर तुमचं नुकसान होत नाही आणि त्यांच्या हातात वापरता येईल असं काहीतरी असतं. कोटेशनवर मुदतही लिहा, ३० दिवस पुरेत.

७. तारीख तुमच्या कॅलेंडरवरून ठरवा

परत आलेला क्लायंट नेहमी घाईत असतो. चालू क्लायंटचं काम मागे टाकून त्याला पुढे घेऊ नका. जे नियमित काम देतात आणि वेळेवर पैसे देतात त्यांचा तो हक्क आहे. "सोमवारपासून तीन आठवडे भरलेले आहेत, चौथ्या आठवड्यात घेते" असं सरळ सांगा. खरोखर निकड असेल तर कामाचा एखादा छोटा भाग आधी देता येतो का ते बघा.

८. या वेळी शांततेचं काय करायचं तेही लिहा

करारात किंवा नुसत्या मेलमध्ये हे मुद्दे असू द्या:

"मसुदा पाठवल्यापासून १० दिवसांत अभिप्राय आला नाही तर काम थांबले असे धरले जाईल. तोपर्यंत झालेल्या कामाचे इन्व्हॉइस त्याच दिवशी पाठवले जाईल. ६० दिवसांनंतर काम पुन्हा सुरू करायचे झाल्यास नवीन कोटेशन आणि नवीन तारीख लागू होईल. फाइल ६ महिने जपून ठेवल्या जातील."

समोर ठेवताना एवढंच म्हणा, "मागच्या वेळी आपलं काम मधेच राहिलं, तेव्हा काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं." यावर आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट एका क्लायंटने त्यात आपली बाजू जोडून घेतली: माझ्याकडून सात दिवस काही कळलं नाही तर त्यांनाही काम थांबवून फाइल मागता येतील. मी ती ओळ आता सगळ्यांसाठी ठेवली आहे.

९. काम घ्यायचं नसेल तर

मागच्या वेळी अपमान झाला असेल, पैसे बुडवले असतील किंवा आता तुम्ही तसलं काम करतच नसाल, तर लवकर आणि स्पष्ट नाही म्हणा. कारणांची यादी देऊ नका. "सध्या हे काम मला घेता येणार नाही. तुमच्या पैसे दिलेल्या फाइल या लिंकवर आहेत, महिनाभर राहतील." पैसे दिलेल्या कामाच्या फाइल अडवून ठेवू नका. ओळखीच्या दुसऱ्या फ्रीलान्सरचं नाव सुचवणार असाल तर आधी त्याला विचारा, आणि मागे काय झालं होतं ते प्रामाणिकपणे सांगा.

१०. शांतता सुरू होते त्याच दिवशी करायची नोंद

हे खरं तर सगळ्यात आधी करायचं काम, पण त्याची किंमत क्लायंट परत आल्यावर कळते. तिसऱ्या आठवणीलाही उत्तर आलं नाही की मी त्या कामाच्या फोल्डरमध्ये 'थांबलं' नावाची एक साधी मजकुराची फाइल करते. दहा मिनिटं लागतात. मागच्या महिन्यात एक क्लायंट एकवीस महिन्यांनी परत आले, तेव्हा मी पहिली ती फाइल उघडली. त्यात लिहिलं होतं:

"शेवटची पाठवलेली फाइल: मसुदा २, मेल १४ ऑगस्ट. मंजुरी: फक्त पहिल्या चार पानांना, लेखी. पैसे: ५० टक्के आले, काम ७० टक्के झालं, २० टक्के येणं बाकी. अडलंय: किमतींचा तक्ता त्यांच्याकडून यायचा आहे. लॉगिन: होस्टिंगचं माझ्याकडे, डोमेनचं त्यांच्याकडे. पुन्हा सुरू झालं तर आधी पान ५ चा मथळा बदलायचा, तो त्यांना आवडला नव्हता."

दुसऱ्या दिवशी फोनवर मी पान ५ च्या मथळ्यापासूनच बोलायला सुरुवात केली. राहिलेले २० टक्के त्याच संध्याकाळी जमा झाले, आणि किमतींचा तक्ता दोन दिवसांनी आला.